साडूच्या पुढे जाणारे टायर

आमच्या सासऱ्यांना मुली दोन आणि गाडी एक. मुलींचं सरळ झालं: थोरली माझी बायको, धाकटी मास्तरांची. गाडीचा प्रश्न निघाला तेव्हा सासरे म्हणाले, "मधोमध कापता येत नाही, तेव्हा दोघं मिळून चालवा." हा माणूस जन्मभर सरकारी साखळी घेऊन जमिनी मोजत हिंडला. सामाईक मालकीत भांडणं कशी उगवतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसेल. तरीही त्यांनी हे केलं, त्यावरून मला वाटतं, म्हातारपणी त्यांना जरा करमणूक हवी होती.

गाडी पन्नास वर्षांची, दोन माणसांची, बिनछताची. चाकं तारांची, सायकलीसारखी. बॉनेट इतकं लांब की चालवणारा मागून ढकलत असल्यासारखा दिसतो. शहराबाहेर शर्यतींचा एक ट्रॅक आहे, तो वर्षातून चार-पाच वेळा हौशी लोकांना दिवसभर वापरायला मिळतो. मग आमच्यासारखे पोट सुटलेले चाळीसेक लोक आपापल्या म्हाताऱ्या गाड्या घेऊन तिथे जमतात आणि वीस-वीस मिनिटांच्या खेपांनी गोल फिरतात. सकाळच्या बैठकीत संयोजक बजावून सांगतो, "ही शर्यत नाही. कुणी वेळ मोजायची नाही. विमा मिळणार नाही." चाळीस लोक गंभीरपणे मान हलवतात आणि चाळीस हात खिशातल्या घड्याळाकडे जातात.

आमच्यात मात्र चोरी नव्हती. सासरे कठड्याजवळ घडीची खुर्ची टाकून, मांडीवर आलेखाच्या कागदांची वही घेऊन उघडउघड बसायचे. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला मोजू नका असं सांगायला कुणी धजावत नसे.

त्या वहीत मी मास्तरांच्या तीन सेकंद मागे होतो. गेली चार वर्षं.

तीन सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं बायको सुरुवातीला विचारायची. एवढ्यात माणूस शिंकतो आणि नाक पुसतो. पण दोघांच्या दोन गाड्या असत्या तर माझ्या गाडीत काहीतरी खोट काढता आली असती. इथे गाडी तीच, पेट्रोल तेच, टायर तेच, चाकांतली हवासुद्धा तीच. बदलतं ते फक्त सीटवरचं माणूस. मास्तर एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांत फेरी मारायचे, मी एक एक्कावन्नमध्ये. याला निमित्त नाही, आणि निमित्त नसणं हे मागे पडण्यापेक्षा वाईट.

बरं, मास्तर गर्विष्ठ असते तरी चाललं असतं. जिंकून मिजास करणाऱ्याला मिजासखोर म्हणता येतं. पण हा माणूस शाळेत भूगोल शिकवतो, शाळेत सायकलवरून जातो, आणि कार्बोरेटरला "ते डावीकडचं" म्हणतो. मी गाड्यांवरची मासिकं लावली आहेत, वळणं कशी घ्यावीत यावर दोन पुस्तकं वाचली आहेत, खास पातळ तळाचे बूट घेतले आहेत. मास्तर शाळेतल्याच चपलांवर आले होते एकदा. संयोजकाने परत पाठवलं, तर कुणाचे तरी बूट मागून घातले, दोन नंबर मोठे, आणि त्या बुटांत एक अठ्ठेचाळीस. वर गाडीतून उतरून मला म्हणतात, "दादा, तुमचं ते शेवटचं वळण फार सुंदर जातं हो." माझं शेवटचं वळण सुंदर जातं, कारण तोवर माझा वेग संपलेला असतो.

यंदा भर पडली ती सासऱ्यांच्या खुब्याची. शस्त्रक्रियेनंतर सहा वर्षं ते गाडीत बसले नव्हते. या वेळी डॉक्टरांनी परवानगी दिली: शेजारच्या सीटवर, तीन फेऱ्या. त्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "दिवसाच्या शेवटच्या खेपेला मी बसणार."

"कुणाच्या शेजारी?" मी विचारलं. जरा लवकरच विचारलं.

"जो गाडी नीट चालवेल त्याच्या. सकाळच्या खेपा बघून ठरवू."

थोरला जावई मी. दुकान बंद ठेवून त्यांना फिजिओथेरपीला मीच न्यायचो. चष्म्याचं दुकान आहे माझं, आणि त्या सहा वर्षांत गिऱ्हाईकांनी "बंद असतं हो तुमचं" म्हणून दुसरी दुकानं धरली, त्याबद्दल मी कधी ब्र काढला नाही. आणि आता ते बसणार मास्तरांच्या शेजारी, अठ्ठेचाळीसच्या जोरावर. माझ्या पोटात दुखायला लागलं. बायकोने ओवा नाही तर गोळी घ्या म्हटलं. त्यावर गोळी नव्हती.

टायर होते.

नाहीतरी जुन्या टायरांची नक्षी संपत आली होती. गाडीचं काम बघणारा मेकॅनिक, ज्याला सगळे पाना म्हणतात, त्याने बोट फिरवून सांगितलं होतं, "एखादा दिवस काढतील. पुढे नवे बघा." जुने म्हणजे गाडीच्या जमान्यातल्यासारखेच अरुंद, कडक रबराचे, वळणात सुळसुळ सरकणारे. मास्तरांचं सगळं कौशल्य त्या सरकण्यात. गाडी सरकते, ते स्टिअरिंग बोटभर फिरवतात, गाडी ऐकते. मी फिरवतो तेव्हा ती विचारात पडते. माझा हिशेब सोपा होता. सरकणंच बंद केलं तर कौशल्याला विचारणार कोण?

शाळा भरलेली असते अशा एका मंगळवारी मी टायरच्या दुकानात गेलो. दुकान एक बाई चालवतात. हातात पाना नाही, तराजू नाही, तरी समोरच्याचं वजन करत असल्यासारख्या बघतात.

"गाडी?"

मी सांगितलं.

"अरे वा. कशाला हवेत? रस्त्याला की ट्रॅकला?"

"ट्रॅकला. पण जाता-येता रस्त्यालाही."

त्यांनी तीन टायर बाहेर काढले. पहिला जुन्यासारखाच अरुंद. अजून एक कंपनी बनवते म्हणाल्या, मापातला आहे, गाडीला ओळखतो. दुसरा साधा, आजच्या रस्त्यांवरचा. तिसरा रुंद, आणि नक्षी नावापुरती, चार रेघोट्या. मी त्यावर अंगठा दाबला. रबर इतकं मऊ की अंगठ्याचा ठसा क्षणभर राहिला.

"हा?"

"हा ट्रॅकवाल्यांचा. तापला की डांबराला चिकटतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुणाला मागे टाकायचंय का?"

"छे छे. सुरक्षितता म्हणून."

"मग पहिला घ्या." त्यांनी तिसरा उचलून परत ठेवायला घेतला.

"साडूला," मी म्हणालो.

"असं सांगा की." तिसरा पुन्हा खाली आला. "लाजायचं काय त्यात? हा टायर मी आजवर साडू, भाऊ आणि ऑफिसातला वरिष्ठ, या तिघांसाठीच विकलाय. पण एक ऐका, साहेब. हा टायर तुमच्या गाडीपेक्षा चांगला आहे."

"म्हणजे चांगलंच की."

"म्हणजे वाईट. पातेल्यात पाणी घेऊन गर्रकन फिरलात तर पाणी एका कडेला चढतं की नाही? तुमच्या इंजिनाखाली तेलाचं पातेलंच आहे. जुन्या टायरांवर गाडी आधी सरकते, म्हणून तेल जागेवर राहतं. हा सरकू देत नाही. लांब वळण असलं तर तेल जातं कडेला आणि पंप ओढतो हवा. तेलाच्या दाबाचा काटा असेल ना समोर? वळणात तो पडायला लागला तर मुकाट्याने हळू व्हायचं. नाही झालात तर इंजिन जाईल. या गाडीचं इंजिन आता कुणी बनवत नाही."

"लक्षात ठेवीन."

"साडूलाही सांगा. चालवणार दोघं ना?"

"हो तर," मी म्हणालो.

संध्याकाळी सासऱ्यांच्या दिवाणखान्यात बैठक झाली. मतं तीन. मी टायरवाल्या बाईंचं बोलणं तीन-चतुर्थांश सांगितलं. पकड सांगितली, ब्रेक कसे लागतात ते सांगितलं. पातेल्याचा भाग लांबत होता म्हणून गाळला. शेवटी म्हणालो, "बाबा शेजारी बसणार आहेत. त्यांच्या जिवाशी खेळ नको. पकड पाहिजे." बायकोने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी खाली सतरंजीकडे पाहिलं.

मास्तर म्हणाले, "मला आपले जुन्यासारखेच बरे वाटले असते. गाडी काय म्हणते ते कळतं त्यांच्यावर. पण दादांनी अभ्यास केलाय. दादा म्हणतात तसं."

विरोध केला असता तर मला भांडता आलं असतं. या माणसाने आयुष्यात मला एकदाही भांडू दिलेलं नाही.

सासरे दोघांकडे आळीपाळीने बघत होते. "जुने फेकू नका," ते पानाला म्हणाले. "पाऊस आला तर त्या मऊ टायरांवर घरी यायचं नाही. बरोबर घ्या." म्हणून पानाने नवे टायर दुसऱ्या चार चाकांवर चढवले, आणि जुनी चाकं तशीच ट्रॉलीत टाकून आणली.

ट्रॅकच्या दिवशी आकाश निरभ्र होतं आणि माझं मन त्याहून. पहिली खेप मास्तरांची. दोन-तीन फेऱ्या त्यांनी टायर तापवले, मग नेहमीसारखे निघाले, आणि वेळ आली एक अठ्ठेचाळीस. अगदी तीच. टायर बदलले तरी मास्तर बदलले नव्हते. उतरून म्हणाले, "चिकटतात खरे. पण मला जरा बहिरं झाल्यासारखं वाटलं."

इथे सासऱ्यांचा एक नियम सांगायला हवा. सर्व्हेच्या तंबूत म्हणे पद्धत होती: पाळी संपवून जाणाऱ्याने येणाऱ्याला तीन गोष्टी सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही. तोच नियम त्यांनी गाडीला लावला. उतरणाऱ्याने बसणाऱ्याला सांगायचं: ब्रेक कसे आहेत, टायर कसे आहेत, काटे कसे आहेत. बसणाऱ्याने ऐकल्याशिवाय पट्टा घट्ट करायचा नाही. मास्तरांनी मला सांगितलं, "ब्रेक छान, टायर तापलेत, काटे सगळे जागेवर."

मी निघालो.

ते टायर काय होते हे मी शब्दांत सांगू शकणार नाही, आणि पहिल्या चार फेऱ्यांत मला शब्द सुचण्याइतकी शुद्धही नव्हती. गाडी रुळावरून धावावी तशी वळणांतून जात होती. मला काही करावंच लागत नव्हतं. ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला एक लांबच लांब उजवं वळण आहे, टेकडीला वळसा घालणारं, संपतच नाही असं वाटणारं. चार वर्षं तिथेच माझे दोन सेकंद जायचे. त्या वळणात मी पाय दाबून धरला आणि गाडी नुसती चिकटून राहिली. कठड्यासमोरून जाताना सासऱ्यांनी हात वर केलेला दिसला. म्हणजे वेळ कमी झाली होती. पाचव्या फेरीला ती एक सेहेचाळीस पूर्णांक नऊ होती, हे नंतर कळलं. मास्तरांपेक्षा एक पूर्णांक एक सेकंद कमी.

त्याच पाचव्या फेरीला, टेकडीच्या वळणात, तेलाचा काटा पडला.

एकदम नाही. दमलेल्या माणसाची मान झुकावी तसा झुकला, आणि वळण संपताच पुन्हा ताठ झाला. सहाव्या फेरीला पुन्हा तेच, जरा जास्त. बाईंचं पातेलं मला आठवलं. सातव्या आणि आठव्या फेरीला त्या वळणात मी पाय उचलला. काटा हलला नाही. मग खेप संपल्याचा काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा दाखवला आणि मी आत आलो.

आत येईपर्यंतचा जो शे-दोनशे मीटरांचा रस्ता आहे, तेवढ्यात मी विचार केला. सांगितलं तर टायर बदलतील. जुन्यांवर मास्तर पुन्हा एक अठ्ठेचाळीस आणि मी एक एक्कावन्न. माझी कमी झालेली वेळ टायरांच्या नावावर जाईल. नाही सांगितलं तर मास्तर तिसरी खेप घेतील, काटा त्यांच्याही वळणात पडेल, आणि काही मोडलं तर ते कुणाच्या हातात मोडलेलं असेल? हा शेवटचा विचार मी पूर्ण केला नाही. पण सुरू मीच केला होता, तो काही बाहेरून आला नव्हता.

मी उतरलो. मास्तर आत बसले. हेल्मेट घातलं, पट्टा खांद्यावरून घेतला, घट्ट केला नाही.

"बोला, दादा."

"ब्रेक ठीक. टायर एक नंबर."

ते थांबले. पट्ट्याचं टोक हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला.

"आणि काटे?"

"काटे काट्यांच्या जागी," मी म्हणालो.

"बरं." त्यांनी पट्टा ओढला आणि गेले.

एक फेरी. फक्त एक. परत आले ते सावकाश, कडेकडेने, आणि कठड्याजवळ येताच इंजिन बंद करून गाडी घरंगळत आणली. पाना धावला.

"टेकडीच्या वळणात तेलाचा दाब पडतोय," मास्तर म्हणाले. "बघ रे जरा."

पानाने तेलाची कांडी काढली, पुसली, पुन्हा घातली, कान लावून इंजिन चालू करून ऐकलं. आम्ही सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. मी सगळ्यात जास्त.

"तेल आहे. आवाज नाही. वाचलं," तो म्हणाला. "टायरांनी केलंय हे. गाडी हलायला तयार नाही, तेल हलतंय."

"तुम्हाला दिसला नाही का हो, भावजी?" मेव्हणीने सहज विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं. त्या घरात कुणाच्या मनात कधी काही नसतं. ते सगळं खातं माझ्याकडे आहे.

"नाही बुवा," मी म्हणालो.

सासऱ्यांनी खुर्चीतून हाक मारली. "थोरले जावईबापू, जरा इकडे या."

जावईबापू म्हणाले की समजावं, बसायला सांगणार नाहीत. मी उभा राहिलो. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. मला वाटायचं ते फक्त पूर्ण फेरीची वेळ मोजतात. मोजणी खात्यातला माणूस, तो तुकडे केल्याशिवाय कसा मोजेल? त्यांनी ट्रॅकचे पाच तुकडे पाडले होते, एका पाटीपासून एका झाडापर्यंत अशा खुणा धरून, आणि प्रत्येक तुकड्याची वेळ वेगळ्या रांगेत लिहिली होती. चार वर्षं.

"हे टेकडीचं वळण. ही तुमची रांग." पेन्सिलचं टोक आकड्यांवरून सरकलं. "अकरा पूर्णांक तीन, अकरा एक, अकरा, अकरा, अकरा, अकरा. आणि मग बारा पूर्णांक पाच. बारा पूर्णांक सहा. बाकी चारही तुकडे होते तसेच. इथेच काय झालं?"

"पुढे कुणाची तरी गाडी आली होती."

"नव्हती. मी बघत होतो."

त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली.

"चष्म्याचं दुकान आहे ना तुमचं?"

"हो."

"मग काटा दिसला. दिसला म्हणून तुम्ही हळू झालात. दोन वेळा." त्यांनी वही मिटली. आवाज चढवला नाही. मोजणीचे निकाल ते याच आवाजात सांगत असणार, आणि लोक तिथेच रडत असणार. "मी हे कुणाला बोलणार नाही. पानाला सांगा, जुनी चाकं लावायला. आणि शेवटच्या खेपेला मी मास्तरांच्या शेजारी बसतोय."

"पण माझी वेळ..."

"वेळेचं कुठे बोललो होतो मी? नीट चालवेल त्याच्या, असं म्हणालो होतो."

मी पानाला जाऊन सांगितलं. तो चाकं बदलू लागला. मधल्या सुट्टीनंतर बाकीच्या गाड्यांच्या खेपा चालल्या होत्या, आणि मी आमच्या जागेत डबा उघडून नुसता बसलो होतो. तेवढ्यात बायको आली. तिच्या चालीवरूनच कळलं की बातमी पोचली.

"बाबा त्यांच्या शेजारी बसतायत म्हणे?"

"हो."

"का? तुमची वेळ एक सेहेचाळीस. मी स्वतः विचारलं बाबांना. त्यांची अठ्ठेचाळीस. मग का?"

"असू दे गं."

"असू दे काय? लहानपणापासून हेच. तिला सायकल नवी, मला तिची... म्हणजे, मी मोठी, तरी मला जुनी! आत्याकडून आलेली! फिजिओला कोण नेत होतं सहा वर्षं? तुम्ही नेत होतात की मास्तर? मास्तर सायकलवरून नेणार होते का त्यांना, मागे बसवून?"

"हळू बोल."

"मुळीच नाही. आज विचारतेच." ती वळली. तिकडे कठड्याजवळ मास्तर सासऱ्यांना हाताला धरून गाडीत बसवत होते, आधी बसवायचं आणि मग पाय उचलून आत घ्यायचे, एकेक. ती तिकडे निघाली ती अशा वेगाने की मऊ टायर फिके पडावेत.

माझ्या बाजूने इतकं तावातावाने आजवर कुणी उभं राहिलेलं नव्हतं. ते ऐकायला बरं वाटत होतं, हे कबूल करतो. अजून दहा पावलं ती गेली असती तर म्हाताऱ्याला सीटवर बसल्या-बसल्या पोरीच्या शिव्या खाव्या लागल्या असत्या, आणि तो दिलेल्या शब्दाला जागून गप्प बसला असता.

"मला दिसला होता काटा," मी मागून म्हणालो.

ती थांबली. "काय?"

"तेलाचा काटा. पडताना दिसला होता. मास्तरांनी विचारलं, मी नाही सांगितलं. बाबांना वहीवरून कळलं."

मी वाट बघत होतो ओरडण्याची. तिने पदराने, म्हणजे ओढणीने, कपाळ पुसलं.

"इंजिन गेलं असतं?"

"कदाचित."

"त्यांच्या हातात."

"हो."

"मास्तरांना सांगितलंत?"

"नाही."

"मग इथे काय करताय? ते गाडी घेऊन जायच्या आत सांगा. जा." आणि मी उठत होतो तर म्हणाली, "आणि मी सायकलचं बोलले ते तिला सांगू नका."

मी गेलो. सासरे बसले होते, डोक्याला मोठं होणारं हेल्मेट, खाली दोन डोळे. मास्तर बाहेर वाकून त्यांचा पट्टा लावत होते. मी म्हणालो, "मास्तर, सकाळी काटा पडत होता. मला माहीत होतं."

"हो," ते पट्ट्याशी झटत म्हणाले.

"हो म्हणजे?"

"म्हणजे मलाही वाटलंच, दादा. उतरताना तुम्ही त्या काट्याकडे बघितलंत आणि मग माझ्याकडे बघितलं नाहीत."

"मग गेलात कशाला?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो. दोनदा विचारलं. मागचा हॉर्न मारत होता." त्यांनी पट्ट्याचं टोक खोचलं. "मग म्हटलं एक फेरी सावकाश मारून आपणच बघावं. भर लोकांत तुम्हाला काय विचारायचं."

मी काहीतरी बोलणार होतो. माफी वगैरे. पण या माणसाने तीसुद्धा मागायच्या आधी मिटवून ठेवली होती, घडी घालून. मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"झालं का तुमचं दोघांचं?" हेल्मेटमधून सासरे ओरडले. "वीस मिनिटांतली चार गेली! चला!"

गेले ते. कठड्याशी बायको आणि मेव्हणी शेजारीशेजारी उभ्या होत्या. मी तिकडे गेलो नाही. जुन्या टायरांवर गाडी पहिल्याच वळणात सुळकन सरकली, मास्तरांनी बोटभर स्टिअरिंग फिरवलं असणार, आणि तिने ऐकलं. लांबून सासऱ्यांचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. पोरासारखा ओरडत होता म्हातारा. सहा वर्षं मी त्याला नेलं-आणलं, इतका आनंद त्याला माझ्या गाडीत एकदाही झाला नव्हता. अर्थात तेव्हा आम्ही फिजिओकडे चाललो होतो, हेही आहे.

पाना आणि मी मऊ टायरांची चाकं एकेक करून ट्रॉलीकडे घरंगळवत नेत होतो. पलीकडच्या जागेतला एक गृहस्थ जवळ आला. टक्कल, ट्रॅकवाले पातळ बूट, माझ्यासारखेच. त्याची तांबडी जुनी गाडी मागे उभी होती आणि तिच्यावर रेलून, हातात पाण्याची बाटली घेऊन, त्याच्याहून तरुण, त्याच्यासारख्याच नाकाचा एकजण लोकांना हसवत होता.

"हे काढून टाकलेत?" गृहस्थाने विचारलं. "सकाळी तर काय उडत होतात तुम्ही. विकायचेत का?"

"घ्या," मी म्हणालो. "पण ऐका, जुन्या गाडीला हे झेपत नाहीत. लांब वळणात तेल कडेला जातं, दाब पडतो. काट्यावर लक्ष ठेवावं लागतं. तुमच्या भावालाही सांगा."

"हो हो, ते बघू." त्याने रबरावर अंगठा दाबला. मग मागे वळून तांबड्या गाडीकडे एकवार पाहिलं आणि आवाज खाली आणला. "किती सेकंदांचा फरक पडतो?"

एक पूर्णांक एकचा पडला होता. साडूच्या पुढे, आयुष्यात एकदा.

"दीड," मी म्हणालो. "सहज."